बाकावरच्या पाच जणी

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

मी खडवलीहून बोलते आहे. कसारा लाइनला टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन. मुंबईकडच्या लोकांना आमचं गाव माहीत असतं ते भातसा नदीमुळे, सुट्टीच्या दिवशी डुंबायला येतात म्हणून. त्या गर्दीबद्दल आम्हा गावकऱ्यांना बरंच बोलायचं असतं, पण ते पुन्हा कधीतरी. आज मी कबड्डीवर बोलणार आहे. म्हणजे खरं तर कबड्डी शिकवणाऱ्यांवर. त्यातही मुख्यतः माझ्यावरच.

माझा धंदा शिलाईचा. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. कल्याणला कॉलेजात असताना मी कबड्डी खेळले. लग्न झालं, खेळ सुटला. मग २०११ साली गावातल्या चारपाच मुली दुकानात येऊन म्हणाल्या, "ताई, तुम्ही खेळायच्या ना, मग आम्हाला शिकवा." भातकापणी झाली की शेत रिकामं होतं. धसकटं काढली, पाणी मारलं, चुन्याने रेषा आखल्या की झालं मैदान. तेव्हापासून संध्याकाळी मी मुलींना शिकवते. पगार नाही, पद नाही. मुली ताई म्हणतात, तेवढंच.

शिकवायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याला जसं शिकवलं तसंच आपण पुढे शिकवतो. स्वयंपाकाचं असतं ना, तसंच. माझे सर कडक होते. उशीर झाला की मैदानाला दहा फेऱ्या. पकड सुटली की सगळ्यांसमोर उद्धार. कौतुक तर नाहीच. मी तेच केलं. आणि खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं आम्ही जिंकलोही. दोन ढाली आणि एक मोठा कप दुकानातल्या फळीवर आहेत, येणारी बाई विचारतेच.

एका वर्षीची गोष्ट. किशोरी गटाची स्पर्धा, अंतिम सामना. माझ्याकडे उजव्या कोपऱ्याला एक मुलगी होती, तेरा वर्षांची. घोट्याला हात घातला की समोरची उठायचीच नाही. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांची चढाईवाली बोनससाठी पाय टाकणार हे सगळ्या मैदानाला दिसत होतं. माझी मुलगी अर्धा क्षण आधी झुकली. पकड सुटली, चढाईवाली दोन गडी मारून गेली. मी टाइम आउट घेतला आणि सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "तुझ्यामुळे गेला सामना." अजून गेलेला नव्हता हो! अजून वेळ होता. पण मी तिला बाहेर काढली आणि बाकावर बसवली. मग खरंच हरलो.

परत येताना लोकलमध्ये बाकीच्या मुली थोड्या वेळाने गप्पा मारायला लागल्या. तेराव्या वर्षीचं दुःख शहाड-आंबिवलीपर्यंतच टिकतं. ती मात्र दाराशी उभी होती. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मी म्हटलं, येईल. मग तिच्या आईचा निरोप आला की अभ्यास आहे. मला तो निरोप पटला, कारण तो पटवून घेणं सोयीचं होतं.

चार वर्षांनी ती मला खडवलीच्या फलाटावर भेटली. नर्सिंगला जात होती. गाडी उशिरा होती, बोलत बसलो. मी विचारलं, "तेव्हा मी ओरडले म्हणून सोडलंस का गं?" ती हसली. म्हणाली, "ओरडण्याचं काय ताई, घरी आई रोज ओरडते. त्या दिवशी गाडीत तुम्ही सगळ्यांना चिक्की वाटलीत. मलाही दिलीत. पण माझ्याकडे बघितलं नाहीत."

मैत्रिणींनो, मला ती चिक्की आठवतही नव्हती.

त्यानंतर मी जरा शोधायला लागले, विचारायला लागले, माझ्या भाचीने इंटरनेटवरून काही काढून वाचून दाखवलं. सगळं मला समजलं असं नाही. पण एक प्रयोग डोक्यात बसला. अमेरिकेत सिएटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथल्या स्मिथ आणि स्मॉल या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक वर्षानुवर्षं अभ्यासले. काही प्रशिक्षकांना त्यांनी दोन-अडीच तासांचं एक शिक्षण दिलं. त्यात खेळाचं काही नव्हतं. मूल चुकलं की आधी धीर द्या, मग नेमकं काय करायचं ते सांगा. चांगलं केलं तर ते बोलून दाखवा. नुसती मेहनत दिसली तरी बोलून दाखवा. शिक्षा करू नका, टोमणे मारू नका. एवढंच. बाकीच्या प्रशिक्षकांना काही शिकवलं नाही. त्यांच्याकडची शंभरातली सव्वीस मुलं पुढच्या वर्षी खेळायला आलीच नाहीत. शिकलेल्या प्रशिक्षकांकडची शंभरातली फक्त पाच गळली. आणि गंमत म्हणजे सामने जिंकण्या-हरण्यात दोन्हीकडे फरक नव्हता. म्हणजे रागावल्यामुळे जास्त जिंकतो, हा माझा जो समज होता, तोही गेला.

आता तुमच्यातली कुणीतरी म्हणेल, आणि माझे यजमान तर म्हणालेच, "आचरेकर सर कुठे कौतुक करायचे? झाला की सचिन!" खरं आहे. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने स्वतः सांगितलं, की सरांनी २९ वर्षांत एकदाही त्याला चांगला खेळलास असं म्हटलं नाही, डोक्यात हवा जाईल म्हणून. हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक मैदानावरच्या प्रत्येक सरांना पाठ आहे. पण त्याच भाषणात सचिनने आणखी एक सांगितलं, ते कुणी सांगत नाही. सर त्याला स्वतःच्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, कधी शिवाजी पार्क, कधी आझाद मैदान, पोराला जास्तीत जास्त सामने खेळायला मिळावेत म्हणून. आणि ती रुपयाच्या नाण्याची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. सरावाच्या शेवटी स्टंपवर रुपया ठेवायचा. जो सचिनला बाद करेल त्याचा रुपया. कुणीच बाद करू शकलं नाही तर सचिनचा. दमलेल्या मुलाला तो खेळ वाटायचा, शिक्षा नाही. तोंडाने कौतुक नसेल, पण हा माणूस आपल्यासाठी धावतो आहे हे त्या मुलाला रोज दिसत होतं. आम्ही काय उचललं? तर न बोलणं तेवढं उचललं. स्कूटर कुणी उचलली नाही.

मला जास्त जवळची वाटतात त्या शैलजा जैन. नाशिकच्या. आपल्या मराठी मुलखातली ही बाई कबड्डी शिकवायला थेट इराणला गेली, साठीच्या घरात असताना. भाषा वेगळी, खाणं वेगळं, चालीरीती वेगळ्या. त्या फारसी शिकल्या. मुलींच्या सरावात त्यांनी योगासनं आणि प्राणायाम आणले. आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात कुणाला हरवलं? भारताला. २७-२४. बायकांची कबड्डी या स्पर्धेत आल्यापासून, म्हणजे २०१० आणि २०१४ मध्ये, सुवर्णपदक आपलंच होतं. त्या रात्री मला वाईट वाटावं की अभिमान, हे कळेना. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात आहे. मोठ्या वयात परक्या मुलींची भाषा शिकायची म्हणजे शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकणारं व्हायचं, चुकायचं, त्या मुलींकडून हसून घ्यायचं. मी माझ्या मुलींसमोर कधी चुकलेली दिसलेच नव्हते. त्यांच्यासमोर चढाई करायचं मी कधीच सोडलं होतं. गुडघे दुखतात हे कारण होतं, पण खरं कारण होतं बाद होण्याची लाज.

तर मी काय बदललं ते सांगते. फार मोठं काही नाही.

पहिलं, फेऱ्या बंद केल्या. धावणं हा आपल्या खेळाचा भाग, तोच शिक्षा म्हणून दिला तर मुलीला धावणं आवडेल कसं? आणि उशिरा कोण यायचं ते मी वहीत लिहायला लागले तेव्हा कळलं, त्याच त्या तिघी. एकीला पाणी भरायचं असतं, एकीला धाकटा भाऊ सांभाळायचा असतो, तिसरीला आई कामावरून येईपर्यंत भात लावायचा असतो. मी दोन वर्षं त्यांना घरकामाची शिक्षा मैदानावर देत होते. साडेचारचा सराव सव्वापाचला केला. उशीर संपला.

दुसरं, बाक. कबड्डीचा संघ बारा जणींचा, मैदानात सात. म्हणजे पाच जणी बाकावर. माझ्या वहीवरून लक्षात आलं, की दोन मुली सलग दोन वर्षं प्रत्येक स्पर्धेला आल्या होत्या, पैसे काढून गाडीभाडं दिलं होतं, गणवेश शिवला होता, तोही माझ्याचकडे, आणि दोघींचा पाय एकदाही सामन्यात मातीला लागला नव्हता. बाकावर बसून त्या टाळ्या वाजवायच्या आणि बाकीच्यांच्या चपला सांभाळायच्या. मी ठरवलं, साखळी सामन्यांत बाराच्या बारा जणी खेळणार, एक डाव तरी. पंधरा मिनिटांचा एक डाव असतो.

यावर फार बोलणी खाल्ली. एका स्पर्धेत त्यामुळेच साखळीत हरलो आणि घरी आलो. एका मुलीचे बाबा मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "बाई, माझ्या पोरीच्या दहावीच्या सवलतीच्या गुणांचं काय? तुम्ही लंगड्या घोड्यांना खेळवता." त्यांचं म्हणणं मला उडवून लावता आलं नाही. शाळेकडून वरच्या पातळीला खेळलं तर दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि आपल्यासारख्यांच्या घरी एकेका गुणाची किंमत असते. माझ्या संघात खेळून असे गुण मिळत नाहीत हे खरं, पण इथे चमकली तर शाळेच्या संघात जागा मिळते. मग मी मधला मार्ग काढला: साखळीत सगळ्या, बाद फेरीत त्या दिवशी चांगल्या चालणाऱ्या सात. मुलींना हे स्पर्धेच्या आधी सांगायचं, स्पर्धेत नाही. तो मार्ग योग्यच आहे असं मी म्हणत नाही. पण बाकावर बसलेल्या मुलीला आपण का बसलो हे माहीत असतं. जिंकणं मला आवडतं, आजही आवडतं. जिंकण्याला काही महत्त्व नाही असं जो प्रशिक्षक सांगतो ना, तो हरल्यावर कसा दिसतो ते बघा.

तिसरं, चूक झाल्यावरचं पहिलं वाक्य. मी स्वतःला सवय लावली, आधी मुलीचं नाव, मग पुढे काय करायचं ते. "आधी बोनस टाकू दे, मग झुक." बस. "किती वेळा सांगितलं" हे वाक्य मी घरी वापरते, नवऱ्यासाठी ठेवलं आहे. आणि सामना हरल्यावर गाडीत प्रत्येकीशी बोलायचं. प्रत्येकीशी. त्या दिवशी जिच्याकडून चूक झाली तिच्याशेजारी बसायचं. खेळावर नाही बोललं तरी चालतं.

चौथं मुलींनीच केलं. मी एकदा चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता लिहा, तुम्ही इथे का येता. मला वाटलं होतं कप, पदक, महाराष्ट्राचा संघ असं काही येईल. एकीने लिहिलं होतं, चढाईत दम धरला की कानात वेगळाच आवाज येतो तो आवडतो. एकीने लिहिलं, इथे मला जाडी म्हणत नाहीत, कव्हर म्हणतात. एकीने, घरी भांडी घासायला लागू नयेत म्हणून. चौघींनी लिहिलं, मैत्रिणी. फक्त एका चिठ्ठीत जिंकणं होतं. पुढे भाचीने सांगितलं, अमेरिकेतच फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना असंच विचारलं होतं, खेळात मजा कशामुळे येते. मुलांनी एक्क्याऐंशी गोष्टी सांगितल्या. त्यांत मेहनत करणं, एकमेकांशी चांगलं वागणं आणि प्रशिक्षकाचं चांगलं वागणं वरच्या नंबरांत. जिंकणं अठ्ठेचाळिसावं. मग मी शनिवारचा शेवटचा अर्धा तास मुलींच्या ताब्यात दिला. त्या ठरवतील तो खेळ. लंगडी खेळतात, खो-खो खेळतात, कधी नुसत्याच बसतात. अंग मोकळं करायचे व्यायामही आता पाळीपाळीने एकेक मुलगी घेते, आणि कप्तान त्याच निवडतात. त्यांनी निवडलेली कप्तान मी निवडली नसती. ती बरी निघाली.

चिठ्ठीतल्या त्या जाडी शब्दावर थोडं बोलते. किशोरी गटात वजनाची अट असते. वजनाच्या दिवसाआधी मुलींना उपाशी ठेवणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. वाढत्या वयाची मुलगी, त्यात पाळी सुरू झालेली, आणि दोन दिवस काकडीवर. आपली मुलगी स्पर्धेच्या आधी ताट सरकवत असेल तर विचारा, कुणी सांगितलं. पाळीचंही तसंच. माझ्या पिशवीत पट्टीच्या शेजारी सॅनिटरी पॅडचं पाकीट असतं, चेन उघडी. मागायचं नाही, घ्यायचं. पूर्वी महिन्यातले चार दिवस मुली "ताप आहे" सांगून घरी बसायच्या. आता जिला खेळावंसं वाटतं ती खेळते, जिला नाही ती गुण लिहायला बसते. शॉर्ट घालायची की ट्रॅक पँट, हेही सरावाला तिचं तिने ठरवायचं. या एका कारणावरून किती आयांनी मुली बंद केल्या असत्या, मला माहीत आहे.

आयांनो, आता तुमच्याकडे येते. मुलीला खेळायला पाठवताना आपण सर कोण आहेत, कुठल्या संघाकडून खेळलेत, किती कप आणलेत, हे विचारतो. त्यापेक्षा एक दिवस तासभर मैदानाच्या कडेला जाऊन बसा. भाजी निवडायला घेऊन जा हवं तर. सगळ्यात चांगली खेळणाऱ्या मुलीकडे बघू नका. तिच्याशी सगळेच चांगले वागतात. सगळ्यात कच्च्या मुलीकडे बघा. तासाभरात तिला किती वेळा हात लावायला मिळाला, चुकली तेव्हा सर काय म्हणाले, आणि ती दुसऱ्यांदा पुढे झाली का. तुम्हाला उत्तर मिळेल. आणि जिथे आईवडिलांनी बसलेलं चालत नाही, तिथे मुलगी पाठवूच नका, कितीही कप असोत. मुलगी एखाद्या सरांचं नाव निघालं की गप्प होत असेल, तर अभ्यास आहे अशी समजूत माझ्यासारखी करून घेऊ नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, फुकट लागतो, दिवसरात्र. लिहून ठेवा.

आणि कडेला बसलात की ओरडू नका. "पाय टाक, पाय टाक!" असं आपण बाहेरून ओरडतो तेव्हा आत मुलगी एका वेळी तीन जणांचं ऐकत असते. घरी आल्यावर जिंकलात का हे तिच्या चेहऱ्यावर दिसतंच. "मजा आली का" विचारलं तर ती हो म्हणेल आणि मोबाइल घेईल. "आज कुणाला पकडलंस" विचारा. मग बघा, जेवण निवेपर्यंत सांगेल.

त्या नर्सिंगवाल्या मुलीचं सांगायचं राहिलं. गाडी आल्यावर मी तिला सॉरी म्हटलं. फलाटावर, गर्दीत, घाईघाईत. ती म्हणाली, "ताई, गाडी सुटेल," आणि चढली. मला वाटलं संपलं. पण आता कधी रविवारी सुट्टी असली की ती येते, लहान मुलींना घोट्याची पकड शिकवते. खेळत मात्र नाही. मी एकदा म्हटलं, चल, एक चढाई कर. ती नको म्हणाली. मी पुन्हा विचारलेलं नाही.

सध्या लावणीचे दिवस आहेत, शेतात पाणी आहे, त्यामुळे सराव देवळाच्या सभामंडपात चालतो. फरशीवर पकडी घेता येत नाहीत, म्हणून फक्त पायांचं काम, दम आणि खेळ. परवा १५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, कबड्डी दिन म्हणून आम्ही तिथेच जुन्या सतरंज्या टाकून सामना खेळलो. त्यात मी चढाई केली. पहिल्याच चढाईत नऊ वर्षांच्या मुलीने माझा पाय धरला आणि मी बाद. अर्धा तास हसत होत्या सगळ्या.

सराव सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सव्वापाच. आयांना बसायला सतरंजी आहे. लावणी आटोपली की या.